बहार धरला आणि डीपी जळाली: वरुड-मोर्शी पट्ट्यातील एका ६३ केव्हीएचे प्रकरण

जानेवारीचा तिसरा आठवडा. संत्र्याचा आंबिया बहार धरायचा म्हणून डिसेंबरात बगीच्यांचे पाणी तोडले होते, आता ताण सोडायची वेळ आली. पहिले हलके पाणी, मग फुलोऱ्यापर्यंत बेताबेताने वाढवत न्यायचे. नेमक्या याच आठवड्यात गावाच्या नाल्याकडच्या शिवारातली शेतीची डीपी (वितरण ट्रान्सफॉर्मर) जळाली. त्या हंगामातली ही दुसरी. पहिली नोव्हेंबरात हरभऱ्याच्या ओलिताच्या वेळी गेली होती. बदलून आलेली डीपी दोन महिनेही टिकली नाही, म्हणून गावात एकच निष्कर्ष निघाला: जुनाच माल रंग देऊन पाठवला.

दुरुस्त करून फिरवलेल्या डीपीत कमजोर माल असतो, हे खरे आहे. पण या प्रकरणात नवीकोरी आणली असती तरी ती गेली असती. ते का, हे हिशेबाने दाखवता येते. गाव इथे नमुन्याचे आहे; जोडण्या, अंतरे आणि मोटारींची यादी या पट्ट्यात जशी आढळते तशी हिशेबासाठी बांधली आहे. तारेचा रोध, डीपीची क्षमता, नियमातल्या मर्यादा ही मापे मात्र प्रत्यक्षातली.

वीज कुठून येते

विदर्भात वीज कमी आहे असे कोणी म्हणू शकत नाही. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचे, तिरोड्याचे ३,३०० चे, शिवाय कोराडी, खापरखेडा, पारस. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची, १,५०० मेगावॅटची एचव्हीडीसी (अतिउच्च दाबाच्या एकदिश प्रवाहाची) लाइन गेली आहे. इथली वीज थेट तिकडे नेण्यासाठीच ती बांधली. पण नाल्याकाठच्या बोअरच्या दृष्टीने चंद्रपूर आणि पडघे सारखेच लांब. या बोअरला वीज मिळते ती एकाच वाटेने: अतिउच्च दाबाचे केंद्र, तिथून ३३ केव्हीची लाइन, ३३/११ चे उपकेंद्र, त्यातून निघालेला शेतीचा ११ केव्ही फीडर, वीसेक किलोमीटर फिरून आल्यावर ही डीपी, आणि डीपीपासून उघड्या तारांवर बगीचा. दुसरी वाट कुठेच नाही. मधला एक झंपर (तारा जोडणारा तुकडा) तुटला की पुढचे सगळे बंद.

शेजारच्या देशाकडून वीज घेणाऱ्या देशाची जी गत, तीच इथे छोट्या मापात दिसते. नेपाळने २००८-०९ च्या कोरड्या हंगामात सोळा-सोळा तासांचे भारनियमन सोसले. २०१६ मध्ये मुझफ्फरपूर-ढल्केबर लाइन सुरू होऊन भारतातून जास्त वीज येऊ लागली आणि काठमांडूतले भारनियमन हटले. पण वीज दारापर्यंत आणणे हे एक काम आणि ती शेवटच्या खांबापर्यंत पुऱ्या दाबाने पोहोचवणे हे दुसरे. विदर्भातल्या शेतीच्या विजेचा प्रश्न बहुतेक वेळा या दुसऱ्या कामातला असतो, आणि त्याची चर्चा मात्र पहिल्या कामाची होते.

कागदावरचे लोड, वावरातले लोड

केव्हीए हे डीपीच्या क्षमतेचे माप. ६३ केव्हीएच्या डीपीच्या लघुदाब, म्हणजे मोटारींकडच्या, बाजूला पूर्ण भाराचा प्रवाह ८४ अँपियर. सबमर्सिबल मोटर एचपीमागे साधारण दीड ते पावणेदोन अँपियर ओढते, आपण १.६ धरू. म्हणजे ही डीपी एकाच वेळी जेमतेम ५० एचपी चालवू शकते.

कागदावर तिच्यावर दहा जोडण्या आहेत: पाच एचपीच्या सहा आणि तीन एचपीच्या चार. बेरीज ४२ एचपी, प्रवाह ६७ अँपियर. कागद बरोबर आहे.

वावरात फिरून प्रत्येक मोटारीची पाटी वाचली की चित्र पालटते. पाण्याची पातळी खोल गेली तशा मोटारी वाढत गेल्या. पाचच्या सहापैकी चारांनी साडेसात बसवली, एकाने दहा, एक तेवढी पाचचीच राहिली. तीनच्या चारही जागी आता पाच आहेत. झाले ६५ एचपी. नाल्याकडच्या फाट्यावर पाच-पाचचे दोन आकडे, म्हणजे तारेवर चोरून टाकलेल्या जोडण्या, आहेत. एकूण ७५ एचपी, म्हणजे पुऱ्या दाबावर १२० अँपियर.

मोटर वाढवताना भारवाढीचा अर्ज कोणी केला नाही, यात निव्वळ बेपर्वाई नाही. बऱ्याच जोडण्यांना मीटर नाही, आकारणी एचपीवर. त्यात २०२४ च्या मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेची मर्यादा साडेसात एचपीची. दहाची मोटर खरी सांगितली की माणूस योजनेबाहेर जातो. मग तो कशाला सांगेल? पण डीपी मंजूर होते कागदावरच्या बेरजेवर. लपवलेल्या प्रत्येक एचपीचा भुर्दंड त्याच डीपीवरचे दहाही जण भरतात.

टाँग टेस्टरने काय दिसले

थ्री फेज आल्यावर अर्ध्या तासाने डीपीवर वायरमनकडून टाँग टेस्टर (तारेभोवती धरून प्रवाह मोजणारे यंत्र) लावून घेतला तर तिन्ही फेजवर १४० च्या आसपास आकडा येतो. १२० का नाही? कारण दाब पडला की मोटर तेवढेच काम करण्यासाठी जास्त प्रवाह ओढते. दाब कुठे-कुठे पडतो ते पायरीपायरीने पाहू.

फीडरच्या शेवटाला ११ ऐवजी १०.२ केव्ही मिळतात. नियमाने उच्चदाबाला उणे ९ टक्क्यांपर्यंत, म्हणजे १०.०१ केव्हीपर्यंत सूट आहे, त्यामुळे इथे कोणाची कायदेशीर चूक नाही. पण ४३३ व्होल्ट देणारी डीपी आता बिनलोडावरच ४०१ देते. या आकाराच्या डीपीला बहुधा टॅप (गुंडाळीचे फेरे बदलण्याची सोय) नसतो, त्यामुळे तिथे दाब वाढवता येत नाही. १६७ टक्के लोडावर डीपीच्या आतच आणखी २७ व्होल्ट जातात. राहिले ३७४.

नाल्याकडचा फाटा ९०० मीटरचा, तार वीझल या मापाची, ॲल्युमिनियमची. तिचा रोध २० अंशाला किलोमीटरला ०.९३ ओहम, तापलेल्या तारेत एकच्या वर. या फाट्यावर साडेसातच्या चार मोटारी आणि दोन आकडे आहेत. लोडाचा मध्य ५०० मीटरवर धरला आणि प्रवाह ७० अँपियर, तर फेजमागे ३६ व्होल्ट, म्हणजे फेज-फेज ६३ व्होल्ट तारेतच संपतात. शेवटच्या बगीच्याला मिळतात ३१० च्या आसपास. लघुदाबाची खालची मर्यादा उणे ६ टक्के, म्हणजे ३९० व्होल्ट. शेवटच्या शेतकऱ्याला ती वर्षभरात कधी दिसत नसेल.

३१० व्होल्टवर मोटारीचा टॉर्क दाबाच्या वर्गाने घटतो आणि निम्म्याच्या जरा वर उरतो. मोटर फिरते, पण थोडी हळू. वेग तीन टक्क्यांनी घटला की पंपाचा हेड (पाणी चढवण्याची उंची) सहा टक्क्यांच्या आसपास घटतो. विहिरीवरच्या मोटारीला हे जाणवतही नाही. पण सातशे-आठशे फुटांच्या बोअरमध्ये पंप आधीच आपल्या हेडच्या टोकावर चालत असतो, तिथे सहा टक्के हेड गेला की पाण्याची धार फार बारीक होते. शेतकरी म्हणतो बोअर आटला, आणि आणखी मोठी मोटर टाकतो. दाब अजून पडतो. या पट्ट्यात ज्या मोटारी मोठ्या झाल्या, त्यातल्या काही पाण्यापायी झाल्या आणि काही या चक्रापायी.

डीपी प्रत्यक्षात कशाने गेली

तांब्यातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. ८४ च्या जागी १४० अँपियर म्हणजे पावणेतीन पटीहून जास्त उष्णता. गुंडाळ्यांवरच्या कागदाचे आयुष्य दर सहा अंश जादा तापमानाला निम्मे होते, असा तेल-कागदाच्या ट्रान्सफॉर्मरचा हिशेब आहे. पाळी दिवसाची असो की रात्रीची, सलग आठ तास तिला श्वास घ्यायला जागा नाही. शेतीच्या डीपीवर घरगुती लोडासारखा चढ-उतार नसतो, लाइन आली की सगळे चालू आणि गेली की सगळे बंद.

हे होत असताना फ्यूज का उडाला नाही? पेटीतल्या किटकॅटमध्ये (फ्यूज बसवायच्या खाचेत) फ्यूज वायर नव्हतीच. तिथे वीझल तारेची एक काडी पिळून बसवली होती. ती २.५९ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची. वितळायला अडीचशे अँपियरच्या जवळ लागतात. १४० ला ती तापते, पण वितळत नाही. वरच्या डीओत (११ केव्ही बाजूच्या ड्रॉप-आउट फ्यूजमध्ये) काय होते ते विचारायलाच नको. ११ केव्ही बाजूला पूर्ण भाराचा प्रवाह फक्त ३.३ अँपियर, आणि तिथेही तारेची काडी. संरक्षणाच्या दोन्ही पायऱ्या बंद केल्या की तिसरी पायरी म्हणून डीपी स्वतःच जळते.

फ्यूज जाड का टाकतात तेही उघड आहे. बरोबर मापाचा फ्यूज दिवसातून चार वेळा उडतो आणि दर वेळी वायरमन तीन गावे सोडून येऊ शकत नाही. मग कोणीतरी गडी काठी घेऊन डीओ पाडतो आणि स्वतः बसवतो. खेड्यात विजेने जी माणसे जातात त्यातली कितीतरी याच कामात जातात: एबी स्विचचे (११ केव्ही लाइन तोडणाऱ्या खांबावरच्या स्विचचे) एक पाते उघडलेले नसते, किंवा दुसऱ्या बाजूने कोणाचे जनरेटर उलटे वीज देत असते. डीपीला हात वायरमननेच लावायचा, तोही उपकेंद्रातून परमिट घेऊन आणि तारा अर्थ करून. यात घासाघीस नको.

डीपीला भारी पडणारी आणखी एक गोष्ट म्हणजे ऑटो, वीज आली की मोटर आपोआप चालू करणारी पेटी. लाइन आली की दहाही वावरांतले ऑटो त्याच सेकंदाला मोटर उचलतात. चालू होताना मोटर पाच-सहा पट प्रवाह ओढते. दाब इतका पडतो की एकही मोटर धड वेग घेत नाही, सगळ्या गुरगुरत राहतात, काही ट्रिप होतात, बाकीच्या कशाबशा उठतात. फीडरवरच्या सगळ्या डीप्यांवर एकाच वेळी हेच चालते, म्हणून उपकेंद्रातला ब्रेकर मिनिटभरात पडतो. ऑपरेटर पुन्हा उचलतो, पुन्हा पडतो. गावात म्हणतात, लाइन लपंडाव खेळते. त्या लपंडावातला मोठा वाटा ऑटोचा असतो.

बदली डीपी

राज्य वीज नियामक आयोगाच्या सेवा-निकषांत ग्रामीण भागात जळालेली डीपी ४८ तासांत बदलण्याची मुदत आहे, आणि विद्युत कायदा २००३ च्या कलम ५७ प्रमाणे निकष मोडल्यास भरपाईचा हक्क. मुदत तक्रारीपासून मोजतात, म्हणून तोंडी निरोपावर राहू नये. तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा, शाखा कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी, अर्जात डीपीचा क्रमांक, फीडरचे नाव, जळाल्याची तारीख-वेळ आणि दहाही ग्राहक क्रमांक असावेत. दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यानंतर नागपूरचे विद्युत लोकपाल. डीपी आणायला ट्रॅक्टर आणि उतरवायला माणसे गावाने वर्गणीतून द्यायची पद्धत सर्रास आहे. हा खर्च ग्राहकाचा नाही. तरीही फुलोरा डोळ्यापुढे असताना कोणी वाद घालत बसत नाही, हेही खरे.

आलेली डीपी चढवण्याआधी पाहायच्या गोष्टी थोड्या आहेत: तेलाची पातळी खुणेवर आहे का, ब्रीदरमधली सिलिका जेल निळी आहे की ओल धरून गुलाबी झाली, बुशिंगला तडा आहे का, मेगर (इन्सुलेशन तपासणारे यंत्र) लावला का. न्यूट्रल, बॉडी आणि लाइटनिंग अरेस्टर यांचे अर्थिंग वेगवेगळे आणि नीट जोडलेले हवे. जुन्या डीपीखालची अर्थिंगची पट्टी चोरीला गेलेली असते आणि नवी डीपी तशीच उभी केली जाते. काही तास बिनलोडावर ठेवून मग एक-एक फाटा जोडावा. इथपर्यंत कोणी थांबत नाही, म्हणून वायरमन येण्याआधीच सर्वांनी आपापले ऑटो काढून ठेवणे बरे.

आधी काय, मग काय

या टप्प्यावर गावाची मागणी ठरलेली असते: १०० केव्हीए द्या. तिचा प्रवाह १३३ अँपियर. आजच्या १४० ला तीही अपुरी, आणि नाल्याकडच्या फाट्यातले ६३ व्होल्ट तसेच तारेत जळणार, कारण ते डीपीमुळे जात नाहीत, तारेमुळे जातात. शिवाय जागा दिसली की आकडे वाढतात. मागणी चुकीची नाही, पण एकटीने निभावणार नाही.

पहिले काम आकडे काढणे. हे वीज कंपनीच्या पथकापेक्षा डीपीवरच्या दहा जणांनी बसून केलेले टिकते. आकडेवाल्यांनाही बगीचा आहे. त्यांना रीतसर जोडणीचा किंवा सौर पंपाचा अर्ज भरायला लावून, तोवर शेजाऱ्याच्या पाळीत पाणी द्यायचे ठरले तरच ते ऐकतात.

दुसरे कॅपॅसिटर. मोटारीच्या चुंबकत्वासाठी लागणारा प्रवाह तो जागेवरच पुरवतो, म्हणून लाइनवरचा भार घटतो. पाच एचपीला २ केव्हीएआर (कॅपॅसिटरचे माप), साडेसातला ३, दहाला ४. दहा मोटारींना मिळून २६. ६५ एचपीचा भार यामुळे सुमारे ८१ केव्हीएवरून ६९ वर येतो. डीपीला लागलीच पंधरा टक्के आराम. कॅपॅसिटर स्टार्टरच्या मोटारीकडच्या बाजूला जोडायचा, म्हणजे मोटारीबरोबर चालू आणि मोटारीबरोबर बंद. लाइनच्या बाजूला जोडलेला कॅपॅसिटर मोटर बंद असतानाही तारेवर राहतो आणि लवकर फुगतो. एक धोका लक्षात ठेवावा: एक फेज गेला तरी चालती मोटर आणि कॅपॅसिटर मिळून त्या फेजवर खोटा दाब दाखवतात, आणि दाब पाहणारा स्वस्तातला प्रिव्हेंटर (फेज गेल्यास मोटर बंद करणारे साधन) फसतो. प्रवाह पाहणारा घ्यावा. फरक मोटर रिवाइंड करण्याच्या खर्चापुढे किरकोळ आहे.

तिसरे पाळी. ६५ एचपी एकदम चालवणे कॅपॅसिटर लावूनही ८४ अँपियरमध्ये बसत नाही. म्हणून दोन गट. पहिल्यात साडेसातच्या दोन, दहाची एक आणि पाचच्या दोन: ३५ एचपी. दुसऱ्यात साडेसातच्या दोन आणि पाचच्या तीन: ३० एचपी. गट पाडताना नाल्याकडच्या चार मोटारी दोन-दोन वाटायच्या, नाहीतर त्या फाट्यावरचा भार तसाच राहतो. पहिल्या गटाचा प्रवाह आता ५४ अँपियरच्या आत, डीपीवर ६४ टक्के भार. नाल्याकडच्या फाट्यात ६३ ऐवजी २२ व्होल्ट पडतात. शेवटच्या बगीच्याला ३१० ऐवजी ३७० मिळतात.

पाळीला खरा विरोध इथेच होतो: आठ तासांतले चारच मिळणार. ताण सोडतानाच्या आठवड्यात ही भीती रास्त आहे. पण खोल बोअरमध्ये ३७० वर चार तासांत येणारे पाणी ३१० वरच्या आठ तासांच्या निम्म्यापेक्षा बरेच जास्त असते, आणि मोटर आठवड्यातून दोनदा पडत नाही. ज्याच्याकडे शेततळे आहे त्याने रात्रीची पाळी घ्यावी आणि दिवसा ड्रिप चालवावे. ज्याच्याकडे नाही त्याला दिवसाची द्यावी. एवढी तडजोड झाली तर गट टिकतात. न झाल्यास तिसऱ्या दिवशी सगळे पुन्हा एकदम चालू होतात.

मग ऑटो. काढून टाका म्हटले की कोणी ऐकत नाही, कारण रात्रीच्या पाळीत दोन वाजता लाइन आली की साप-विंचवाच्या वावरात जायला कोण तयार होईल? टायमर लावावा: पहिली मोटर एका मिनिटाने, दुसरी दोन, अशी पाच मिनिटांत गटातल्या पाचही. लांबची मोटर आधी उचलावी, तेव्हा तारेत दाब चांगला असतो.

फ्यूज सर्वांत शेवटी बदलावा. आधीच बदलला तर तो उडत राहील आणि संध्याकाळपर्यंत काडी परत येईल. भार ५४ वर आला की ८४ च्या मापाची वायर टिकते, आणि पुन्हा कोणी आकडा टाकला तर ती उडून सांगते.

जे एवढ्याने सुटत नाही

३७० व्होल्टही मर्यादेच्या खालीच आहेत. डीपीच्या पुढे गावाने करायचे ते संपले. उरलेले फीडरच्या १०.२ केव्हीत आहे. उपकेंद्रातली कॅपॅसिटर बँक चालू आहे का, फीडर दुभागता येतो का, हे प्रश्न त्या फीडरवरच्या सर्व गावांनी मिळून विचारण्याचे. एका डीपीने शिस्त पाळून १०.२ चे १०.६ होत नाहीत.

नाल्याकडच्या चार मोटारींसाठी पक्का उपाय एचव्हीडीएस (उच्चदाब वितरण) पद्धतीचा: ११ केव्हीची लाइन सहाशे मीटर पुढे नेऊन तिथे २५ केव्हीएच्या दोन छोट्या डीप्या, प्रत्येकीवर साडेसातच्या दोन मोटारी. २५ केव्हीएचा प्रवाह ३३ अँपियर, दोन मोटारींचा २४. लाइन ११ केव्हीची असल्याने आकडा टाकता येत नाही, आणि जळाली तर दोघांचीच जळते. याच्या मंजुरीला एक हंगाम सहज जातो, म्हणून अर्ज दिवाळीआधी हवा, आणि त्यात खरी एचपी लिहिलेली हवी. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधून उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प आला तर पाळी दिवसाची होईल, साप-विंचवाचा प्रश्न मिटेल. पण ती वीजही याच फीडरवरून आणि याच वीझल तारेवरून येणार. सर्व पाळ्या दिवसावर आल्या तर दहाही मोटारी एकाच आठ तासांत मागणी करतील, तेव्हा गट आणि टायमर आजच्यापेक्षा जास्त लागतील.